नर्सिंगचं फूल

“आता मी जे सांगणार ते तुमच्यातल्या एकालाबी पटायचं न्हाई,” बाजीराव म्हणाला आणि त्यानं मांडी बदलली. “पण आमच्या भैरोबाच्या छातीवर एक पांढरं फूल नऊ दिवस चिकटून बसलं व्हतं. वारा झाला, पाऊस झाला, एक वानर येऊन वढून गेलं. फूल जागचं हाललं न्हाई.”

मांडवातली माणसं सरसावून बसली. अंजनाच्या वर्षश्राद्धाचं जेवण नुकतंच उरकलं होतं. बायको गेल्यापासून बाजीरावानं एक थाप मारली नव्हती, आणि खोडदच्या माणसांना त्याच्या थापेशिवाय जेवणावरची सुपारी गोड लागत नसे. वर्षभराची उपासमार आज सुटणार म्हणून दोघातिघांनी विड्याची पानं तशीच हातात धरून ठेवली.

हा विषय बाजीरावानं आपण होऊन काढला नव्हता. तो काढला चांगदेवानं. चांगदेव म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्या प्रत्येक गोष्टीला पहिलं हसू देणारा. हात धुऊन बसल्या बसल्या तो भाबडेपणानं म्हणाला होता, “राव, एक इचारू का? पोरगी तवा नर्सिंगला गेली असती, तर वहिनी आज असती का रं?”

नेमकी त्याच वेळी बाजीरावाची मुलगी कल्याणी चहाचा ट्रे घेऊन मांडवाच्या कडेनं चालली होती. तिची पावलं थांबली. सत्तावीस वर्षांची पोर, हातात ट्रे, आणि कान चांगदेवाकडं, हे बाजीरावानं पाहिलं. तिला नर्सिंगला न पाठवण्याची निवड देवाची होती. नऊ वर्षं त्यानं ती देवाच्या खात्यावर ठेवली होती, आणि आजही ती तिथंच राहायला पाहिजे होती. म्हणून तर त्यानं फुलाची गोष्ट काढली.

खरं काय घडलं ते त्याला ठाऊक होतं, आणि ओढ्याकाठच्या एका बाभळीला.

शहाण्णव साली कल्याणी बारावी सायन्स पास झाली. गावच्या शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या लोखंडी ताटल्या तेव्हा उभ्या राहिल्या होत्या, आणि पलीकडच्या ताऱ्यावर कुणी शिंकलं तर ते आमच्या बांधावर ऐकू येतं, असं बाजीराव पाहुण्यांना सांगत असे. अशा दिवसांत घरात एका आठवड्यात दोन पत्रं आली. एक पुण्यातल्या नर्सिंगच्या शाळेचं. साडेतीन वर्षं, राहायला होस्टेल, वर विद्यावेतन. दुसरं दातांच्या एका कॉलेजाचं. डेंटल हायजिनिस्ट नावाचा दोन वर्षांचा कोर्स. म्हणजे दात उपटायचे नाहीत, बसवायचे नाहीत. लोकांचे दात साफ करून द्यायचे आणि साफ कसे ठेवायचे ते शिकवायचं. हा दुसरा फॉर्म नारायणगावच्या तिच्या कॉलेजच्या सरांनी आपल्या मनानं भरून टाकला होता, जोडीला असू दे म्हणून.

“दात साफ कराया माणूस लागतो?” अंजनानं तोंडाला पदर लावून विचारलं होतं. “मग बोटं कशाला दिलीत देवानं?”

कल्याणीला नर्सच व्हायचं होतं. पोलिओच्या डोसाच्या रविवारी उपकेंद्राच्या सिस्टरमागं ती बर्फाचा डबा घेऊन वाडी-वस्ती फिरली होती. कुणाच्या पोराला कसं धरायचं, रडणाऱ्याला काय बोलायचं, हे ती घरी येऊन उशीवर करून दाखवायची. अंजनाचा तिला पाठिंबा होता. आडकाठी होती ती बाजीरावाची, आणि ती का होती हे तो कुणाला सांगू शकत नव्हता.

त्याचं असं होतं. त्याआधी बारा वर्षं बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, त्याच्या मांडीवरून चाक गेलं होतं आणि तो दीड महिना पुण्याच्या दवाखान्यात पाय टांगून पडला होता. तिथून परत आला तो एक गोष्ट घेऊन. वॉर्डातली एक सिस्टर त्याची नाडी मोजायला यायची. मनगट धरलं की आकडा विसरायची. मग परत पहिल्यापासून. “एकदा दुपारच्या जेवणाला धरलेला हात तिनं चहाच्या टायमाला सोडला,” बाजीराव सांगायचा. “डॉक्टर म्हनला, सिस्टर, पेशंटचे ठोके किती? ती म्हनली, त्याचं न्हाई माहीत, माझं दीडशे.” ही गोष्ट खोडदला चालली, नारायणगावला चालली, मंचरच्या बाजारात कांद्याच्या ढिगावर बसून लोकांनी ती पुन्हा पुन्हा मागून घेतली. दर वेळी सिस्टर थोडी तरणी होई आणि तिची साडी थोडी झिरझिरीत.

खरी सिस्टर पन्नाशीची होती. तिनं त्याची घाण काढली होती. पायातली सळई ओढली त्या दिवशी तो लहान मुलासारखा आईच्या नावानं ओरडला, तेव्हा तिनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं होतं. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. यात हसण्यासारखं काय होतं?

कल्याणीला नर्सिंगचं पत्र आलं त्या संध्याकाळी पारावर चांगदेव म्हणाला, “मग राव, आता तुमची पोरगी कुनाची नाडी मोजनार?”

सगळे हसले. चांगदेवाच्या मनात काही नव्हतं. तो बाजीरावाच्याच गोष्टीवर हसत होता, रोजच्यासारखा. पण बाजीराव त्या रात्री जेवला नाही. आपण बारा वर्षं त्या बाईची साडी ओढत होतो आणि ती आता आपल्याच पोरीच्या अंगावर आहे, हे त्याला दिसलं. गोष्ट तर परत घेता येत नव्हती. गावोगाव गेलेली गोष्ट कुठं कुठं जाऊन गोळा करणार? मग पोरीलाच त्या गोष्टीतून बाहेर काढायचं त्यानं ठरवलं.

घरात आठ दिवस कुरबुर झाली. शेवटी अंजनाच म्हणाली, “अहो, एवढं आसंल तर देवाला इचारा. कौल लावा.”

कल्याणीनं मान डोलावली. “देव म्हणाला तर मी दातांचं करीन, आबा. पण मग तुमीबी, तो नर्सिंग म्हणाला तर, परत बोलायचं न्हाई.”

“न्हाई बोलनार,” बाजीराव म्हणाला. हे तेवढं तो खरं बोलला.

भैरोबाचा कौल म्हणजे सोपा हिशेब. देवाच्या शेंदरी छातीवर ओली करून दोन फुलं लावायची, एक उजवीकडं, एक डावीकडं. जे आधी पडेल ती देवाची मर्जी. जानकू गुरवानं कण्हेरीची दोन फुलं आणली होती, एक पांढरं, एक तांबडं. आता कुठलं कशाचं यावरून देवळात वाद.

“पांढरं नर्सचं,” चांगदेव म्हणाला. “त्यांचा डगला पांढरा आसतोय.”

“आन् दात काय काळं आसत्यात व्हय रं?” जानकू म्हणाला.

“आपल्या गावातल्या बायांचं तर काळंच की!”

बाया पदराआड हसल्या. बहुतेक सगळ्याच मिश्री लावणाऱ्या होत्या. तव्यावर जाळलेली तंबाखू बोटानं दातांवर घासायची, सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि मधे आठवण आली की. अंजनाही हसली, तिनंही पदर वर घेतला. पांढरं नर्सिंगचं ठरलं, तांबडं दातांचं.

जानकूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. फुलं लावायला त्याचा हात थरथरायचा, म्हणून मानकरी या नात्यानं ती बाजीरावानं लावली. त्याच्या डाव्या मुठीत सकाळी ओढ्यावरून खरवडून आणलेला बाभळीचा डिंक होता, थुंकीनं ओला करून मऊ केलेला. तो काढताना त्यानं वर पाहिलं होतं. दुर्बिणीची ताटली आभाळाकडं तोंड करून उभी होती, त्याच्याकडं नाही, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं होतं.

डिंक त्यानं पांढऱ्या फुलाला लावला.

तांबडं फूल घटकाभरात पडलं. कल्याणीनं ते उचलून कपाळाला लावलं. घरी येऊन तिनं नर्सिंगचं पत्र घडी घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं. रडली असेल तर गोठ्यात जाऊन रडली असेल. बाजीराव त्या बाजूला फिरकला नाही.

डिंकाचं प्रमाण मात्र जरा जास्तच झालं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं फूल तिथंच. चौथ्या दिवशी ते सुकलं, पण तिथंच. लांबून लोक बघायला येऊ लागले. “देवानं नर्सिंग छातीशी धरून ठेवलंय, पोरीच्या हातात द्यायला तयार न्हाई,” असं जानकू ज्याला त्याला सांगू लागला. वानर बिनर कुणी आलं नाही. नवव्या दिवशी जानकूच्या सुनेनं गरम पाण्यानं फूल सोडवलं, तेव्हा त्याच्याबरोबर शेंदराचा एक पोपडा निघून आला.

दोन वर्षांनी कल्याणी पुण्याहून परत आली. दातांवरचं किटण कसं काढायचं, हिरड्या कशा बघायच्या, सगळं शिकून. पण सरकारी जागा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांवर कुणीतरी आधीच बसलेलं. मंचरच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं. तिथले डॉक्टर किटण स्वतःच मशिननं काढायचे. कल्याणी कापूस द्यायची, हत्यारं उकळायची, नंबर पुकारायची. “लोक दात दुखल्यावर येतात, आबा,” ती एकदा म्हणाली. “दुखायच्या आधी कुणी येत न्हाई. मला शिकवलंय ते सगळं दुखायच्या आधीचं.”

रविवारी घरी आली की ती आळीतल्या पोरांना रांगेत उभं करून ब्रश शिकवायची. बायांच्या मागं लागायची. “काकू, तोंड उघडा. किती दिवस लावताय? ही जळकी तंबाखू हाय, औषध न्हाई.” बाया तिला बघून आडवाटेनं जाऊ लागल्या. तिचं नाव पडलं दातवाली. स्थळं आली तशी गेली, आणि नर्सिंगला घाबरून बाजीरावानं पोरीचं जे नाव वाचवायला काढलं होतं ते तसंही कुठं वाचलं नाही.

सगळ्यात आधी तिनं आईला धरलं. अंजनानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मिश्री सोडल्याची शपथ घेतली आणि तीन दिवसांनी नवऱ्याला म्हणाली, “बाजारातनं डबी आना. तिला सांगू नका. मला कायच सुचंना.”

बाजीरावानं डबी आणली. मग दर आठवड्याला आणली. कल्याणीनं विचारलं, “आबा, आई अजून लावते का?” तेव्हा तो बिनदिक्कत म्हणाला, “अगं, तिनं डबी नारायणगावच्या पुलावरनं नदीत फेकली. मी डोळ्यांनी बघितलं. दोन मासं झिंगून वर आलं व्हतं.” कल्याणी खळखळून हसली. दातांच्या शाळेतून आल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली त्यानं पाहिली नव्हती. तेवढ्या हसण्यासाठी त्यानं पुढं माशांचे चार केले.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात अंजनानं तिखट सोडलं. पित्त झालंय म्हणाली. मग भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. एका दुपारी ती गोठ्याच्या सावलीत गालात बोट घालून बसली होती, तेव्हा बाजीराव अचानक समोर आला. गालाच्या आतून पांढरट चट्टा होता, मध्ये लाल, कडा उलटलेल्या.

“अगं, कल्याणीला दाखव की.”

“येडं झालाय का? तिला कसं दाखवू?” अंजना हळू आवाजात म्हणाली. “तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय मी. आन् लोक काय म्हनतील? दातवालीच्याच आईचं तोंड सडलं. तिला दवाखान्यात कोन उभं करंल?” तिनं बैलाकडं बघितलं. “ती नर्स झाली आसती तर दाखवलं आसतं मी. नर्सला माणूस सगळं दाखवतं. ही नेमकी तोंडाचीच झाली.”

बाजीरावानं आता पोरीला सांगावं, तर तंबाखूच्या डबीपासून सुरुवात करायची, आणि डबीच्या मागं भैरोबाचं देऊळ उभं होतं. त्यानं हळद-मधाचा लेप सांगितला. कुणा वैदूची एक गोष्टही सांगितली, बरा झालेल्या माणसाची, अर्थात असा माणूस नव्हता. अंजनाला धीर आला. चार महिने त्या धीरावर गेले.

दिवाळीत कल्याणी घरी आली आणि आईच्या जबड्याखालची गाठ तिला उजेडात बाहेरूनच दिसली. “आई, तोंड उघड,” ती म्हणाली. अंजनानं या वेळी पदर बाजूला केला आणि खरंच प्रयत्न केला. पण तोपर्यंत जबडा आखडला होता. एका बोटाएवढी फट पडली, त्यापुढं नाही. दोन वर्षं शिकलेली, पाच वर्षं दवाखान्यात उभी राहिलेली पोर हातात बॅटरी घेऊन त्या फटीसमोर बसली, आणि तिला आत काही दिसेना.

पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लवकर का आणलं नाही म्हणून विचारलं, तेव्हा बाप लेकीकडं बघेना आणि लेक बापाकडं. कॅन्सरवरचे किरणांचे शेक दिले. नाकातून नळी घातली. कल्याणीनं मंचरचं काम सोडलं आणि पाच महिने आईच्या उशाला बसली. नळीतून दूध कसं सोडायचं, कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे ती वॉर्डातल्या एका सिस्टरच्या मागं मागं फिरून शिकली, पूर्वी बर्फाचा डबा घेऊन फिरत होती तशी. एकदा चादर बदलता बदलता ती म्हणाली, “हे तिथं शिकवतात, आबा. पहिल्याच वर्षी.” तक्रार नव्हती आवाजात. म्हणून तर ते बाजीरावाला अजून झोपू देत नव्हतं.

चैत्रात अंजना गेली. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं. मुलीच्या तोंडासमोर हात हलवून ती काहीतरी सांगायची, कल्याणी पाटी-पेन्सिल द्यायची, पण अंजनाला लिहिता कुठं येत होतं?

आणि आज मांडवात चांगदेवानं तो प्रश्न विचारला होता, आणि ट्रे घेतलेली कल्याणी उत्तर ऐकायला थांबली होती.

“नऊ दिवस!” बाजीराव म्हणाला. आवाजाला जुनी धार यायला लागली होती. “जानकू साक्षीला हाये. सांग रं.”

“माझ्या सुनंनं सोडवलं,” जानकू आंधळ्या डोळ्यांनी मान डोलावत म्हणाला. “शेंदूर निघाला बरूबर. आसा कौल माझ्या बापानंबी बघितला न्हाई.”

“मग? देव कशापायी धरून बसला? मी सांगतो कशापायी. देवाला पुढचं दिसत व्हतं. या घरात तोंडाचं दुखनं येणार, मग घरात तोंडातलं कळनारं मानूस नको का? नर्सा काय, गल्लोगल्ली हाईत. चांगदेवा, तू म्हनतो पोरगी नर्स असती तर. आरं, नर्स असती तर आमाला कळलंच नसतं, कुठल्या दुखन्यानं गेली ती!”

चांगदेवानं कानाची पाळी पकडली. “चुकलं राव. माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

माणसं हळूहळू माना हलवू लागली. बाजीरावानं चोरून कडेला पाहिलं. कल्याणीनं ट्रे खाली ठेवला होता आणि ती खांबाला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. गोष्ट अजून पुरी बसली नाही, त्याला वाटलं. अजून एक खिळा पाहिजे. आणि आयुष्यभराच्या सवयीनं तो त्याच्या हाताला लागलाही.

“तुमाला सांगतो, ज्या दिवशी अंजनाच्या गालात पयला फोड आला ना, त्याच दिवशी तिनं पोरीला हाक मारली. बाई, म्हनली, देवानं तुला याच्यासाठीच शिकवलंय, बघ. आन् आपल्या हातानं पदर बाजूला सारून तिनं तोंड उघडलं. आसं! पोरीनं ब्याटरी मारली, आत बघितलं, आन् पुण्याच्या डॉक्टरला जे महिन्यानं कळलं ते तिनं एका नजरंत सांगितलं. देवाचा इलाज संपला व्हता, त्याला पोरगी काय करनार? पन आई लेकीच्या हातावर समाधानानं गेली. का? तर तिनं लेकीपासून काय बी झाकलं न्हाई.”

मांडवात कुणीतरी नाक ओढलं. जानकूनं उपरणं डोळ्यांना लावलं. बाजीरावाचे स्वतःचे डोळे भरून आले होते, कारण क्षणभर त्याला ते तसंच दिसलं होतं: गोठ्याची सावली, उघडलेलं तोंड, आत बघणारी पोर, अजून वेळ आहे.

“खोटं,” कल्याणी म्हणाली.

माना वळल्या. ती खांबापासून पुढं आली होती. आवाज चढलेला नव्हता, पण मांडवाच्या शेवटच्या माणसालाही तो ऐकू गेला.

“खोटं हाय हे, आबा. आईनं मला तोंड कधीच दाखवलं न्हाई.”